लिहून सांगायचं काम

माझ्याकडे प्रुफाचा एक पाठकोरा कागद आहे. त्याच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईत एकच ओळ लिहिली आहे. काही रोमन अक्षरं, एक तारा, एक डॉलरचं चिन्ह, दोन अर्धविराम. हे पुस्तक त्या कागदापासून सुरू झालं, म्हणून प्रस्तावनाही तिथूनच सुरू करते.

तेव्हा मी पुण्यात पुस्तकांचं डीटीपी करत होते. एका लेखकाच्या जुन्या पुस्तकांच्या फायली युनिकोडमध्ये आणायचं काम आलं होतं. युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट ज्यांनी वापरलेत त्यांना हे दुखणं माहीत आहे. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण फाइलीत त्या जागी एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह साठवलेलं असायचं. तो फाँट संगणकावर नसला की अख्खी कादंबरी म्हणजे चिन्हांची अर्थहीन रांग. आम्ही फाइल उघडायचो, रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये मजकूर टाकायचो, बाहेर आलेला मजकूर नव्या फाइलीत चिकटवायचो, तिला नाव द्यायचो आणि पुढची फाइल उघडायचो. अशा चारशेच्या वर फायली होत्या. मी आणि माझी सहकारी, दोघी सकाळी दहापासून माउस फिरवत बसायचो. तिसऱ्या दिवशी माझं मनगट सुजलं.

त्या दिवशी नेटवर्क दुरुस्त करायला एक मुलगा आला होता. त्याचं काम आटपल्यावर तो थोडा वेळ आमच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, जरा बसू का तिथे?” त्याने काळी खिडकी उघडली, एक ओळ लिहिली, एंटर मारला. फायलींची नावं एकामागून एक वर सरकत गेली आणि पाच-सात मिनिटांत थांबली. रूपांतर करणारा तोच प्रोग्राम असा ओळ लिहूनही चालतो, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. मी विचारलं, “काय केलंस?” तो म्हणाला, “लिहून देतो.” आणि टेबलावरचा प्रुफाचा कागद उलटा करून त्याने ती ओळ लिहून दिली.

काम पाच-सात मिनिटांत झालं याचा आनंद झालाच. पण माझ्या डोक्यात ते ‘लिहून देतो’ राहिलं. आम्ही तीन दिवस जे करत होतो ते मला कुणाला लिहून देता आलं नसतं. शेजारी बसवून दाखवावं लागलं असतं: इथे क्लिक कर, आता ही यादी खाली ओढ, आता इथे उजवं बटण दाब. त्याचं काम मात्र एका ओळीत मावलं. ती ओळ वहीत ठेवता येत होती, फोनवर अक्षर-अक्षर सांगता येत होती, सहा महिन्यांनी पुन्हा वापरता येत होती, आणि चुकली असती तर नेमकी कुठे चुकली ते बोट ठेवून दाखवता आलं असतं. माउसने केलेलं काम करून झालं की संपतं. लिहून सांगितलेलं काम मागे उरतं. कमांड लाइन, म्हणजे संगणकाला असं ओळ लिहून काम सांगणं, शिकण्याचं माझ्या लेखी हे पहिलं आणि सर्वांत मोठं कारण आहे. वेगाची गोष्ट त्याच्यानंतर येते.

पुढच्या काही वर्षांत मी रविवारी सकाळी छोटे वर्ग घेऊ लागले. ग्रंथपाल आले, डीटीपी करणारे आले, शाळेतले शिक्षक आले, हिशेबनीस आले, पीएचडीसाठी जुन्या नियतकालिकांचे अंक चाळणारी मुलं आली. त्यांपैकी कुणालाही प्रोग्रामर व्हायचं नव्हतं. हे पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलं. आतल्या पानांवर सगळ्या आज्ञा जशा टंकायच्या तशा रोमन लिपीत छापल्या आहेत. या प्रस्तावनेत मात्र मी त्या उच्चारांप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे, कारण इथे त्या टंकायच्या नाहीत, त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

वर्गात पहिल्याच दिवशी कुणीतरी हमखास म्हणतं, “मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे.” या भीतीचं उत्तर इतिहासात आहे, म्हणून तो थोडा सांगायला हवा.

१९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्सच्या प्रयोगशाळेत, केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ नावाच्या एका जुन्या यंत्रावर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली आवृत्ती लिहिली. डेनिस रिची त्यांचे सोबती होते. तेव्हा माणूस आणि संगणक यांच्यामध्ये सहसा पडदा नसे. टेलिटाइप नावाचं टंकलेखन यंत्र असे. त्याच्या जड कळा दाबायच्या, आणि यंत्राने उत्तर कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापायचं. टेलिटाइपचं ३३ क्रमांकाचं मॉडेल सेकंदाला दहा अक्षरं छापत असे. असं यंत्र समोर असल्यावर कुणीही शब्द तोडूनच लिहील. ‘लिस्ट’चं एलएस झालं, ‘मूव्ह’चं एमव्ही, ‘कॉपी’चं सीपी, ‘रिमूव्ह’चं आरएम. आपण आज शिकतो ते हेच शब्द आहेत. यंत्रं बदलली, शब्द टिकले.

या शब्दांना इंग्रजी म्हणणं मला पटत नाही. ग्रेप हा शब्द लंडनमध्ये जन्मलेल्या मुलालाही शिकावाच लागतो. इडी नावाच्या जुन्या मजकूर-संपादक प्रोग्राममध्ये एक आज्ञा होती: संपूर्ण फाइलीत हा नमुना शोध आणि त्या ओळी छाप. तिच्या आद्याक्षरांवरून ग्रेप हे नाव पडलं. कॅटचा मांजराशी काही संबंध नाही, तो जोडणे या अर्थाच्या एका लांबलचक शब्दाचा तुकडा आहे. पीडब्ल्यूडी म्हटलं की आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खातं आठवतं. इथे त्याचा अर्थ ‘मी आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभा आहे ते सांग’ एवढाच. ही एका छोट्या गटाने कामासाठी घडवलेली सांकेतिक भाषा आहे. ती जन्मतः कुणालाच येत नाही. रोजच्या कामाला तीस-एक शब्द पुरतात. लहानपणी आपण नातेवाईकांची नावं याहून जास्त लक्षात ठेवली आहेत.

त्या टेलिटाइपने आणखी एक वारसा ठेवला, तो म्हणजे मौन. काम नीट झालं की युनिक्सची बहुतेक साधनं काहीच बोलत नाहीत. फाइल दुसरीकडे हलवली, एंटर मारला, आणि पुढच्या ओळीवर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. नवा माणूस इथे दचकतो. मोबाइलवर बोट लावलं तरी हिरवी खूण, टिंग असा आवाज, अभिनंदनाची चौकट यांची आपल्याला सवय झाली आहे. वर्गात एका शिक्षिकेने तीच फाइल तीनदा हलवायचा प्रयत्न केला. पहिल्यांदाच ती हललेली होती, म्हणून दुसऱ्यांदा यंत्राने तक्रार केली, आणि आपण काहीतरी बिघडवलं असं वाटून त्यांनी खुर्ची मागे सरकवली. गप्प राहणं म्हणजे होकार, हे एकदा अंगवळणी पडलं की या खिडकीत मन शांत राहतं. मला तरी आता दुसरीकडचा गोंगाट नकोसा वाटतो.

माझ्या वयाच्या वाचकांना यातलं काही ओळखीचं वाटेल. नव्वदीच्या सुरुवातीला तालुक्याच्या गावीही संगणकाचे क्लास निघाले होते. चपला बाहेर काढायच्या, पडदे ओढलेल्या थंड खोलीत जायचं, फ्लॉपी आत सरकवायची आणि सी प्रॉम्प्टसमोर ‘डिर’ लिहायचं. आम्ही डॉस, वर्डस्टार, डीबेस शिकलो. म्हणजे सुरुवात लिहिण्यापासूनच झाली होती. मग विंडोज आलं. पुढे एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्रात गावोगावी लाखो लोकांच्या हातात माउस दिला. ते फार मोठं काम होतं, त्याचं मोल मला कमी लेखायचं नाही. पण त्यात काळी खिडकी मागे पडली. तिच्याकडे फक्त इंजिनिअरने जायचं असा समज पक्का झाला, आणि आमच्यासारख्या दिवसभर मजकुराशी झुंजणाऱ्या माणसांचं त्यात सर्वांत जास्त नुकसान झालं. कारण ही साधनं मुळात मजकुरासाठीच घडली. बेल लॅब्समध्ये युनिक्सला पीडीपी-११ हे मोठं यंत्र मिळालं ते पेटंट विभागाचे अर्ज टंकून आणि मांडून देण्याच्या कामाच्या आधारावर. ऑपरेटिंग सिस्टिमच्या संशोधनासाठी कुणी ते यंत्र दिलेलं नव्हतं. आज ज्याला आपण तंत्रज्ञांचं हत्यार समजतो त्याचे पहिले बाहेरचे वापरकर्ते टंकलेखक होते.

दुसरी भीती असते ती संगणक बिघडण्याची. ती पूर्ण खोटी नाही, म्हणून ‘घाबरू नका’ असं सांगून मी मोकळी होणार नाही. या पुस्तकात मी आज्ञांची दोन घरं केली आहेत. एक पाहणाऱ्या आज्ञांचं, दुसरं बदलणाऱ्या आज्ञांचं. पीडब्ल्यूडी, एलएस, कॅट, लेस, हेड, टेल, डब्ल्यूसी, ग्रेप या आज्ञा फक्त पाहतात आणि सांगतात. त्या हजार वेळा चुकीच्या लिहिल्या तरी तुमच्या फाइलीतला एक अनुस्वारही हलत नाही. पहिली पाच प्रकरणं याच घरात आहेत. तिथे मनसोक्त चुका करा. फक्त लेसमधून बाहेर पडायला क्यू दाबायचा असतो एवढं लक्षात ठेवा, माझे अर्धे विद्यार्थी तिथेच अडकले होते. चालू असलेलं काही थांबवायचं असेल तर कंट्रोल आणि सी. इतर ठिकाणी या जोडीने मजकूर कॉपी होतो, इथे ती ‘थांब’ म्हणते.

दुसरं घर सहाव्या प्रकरणापासून सुरू होतं आणि तिथे मी सावकाश चालले आहे. सीपी आणि एमव्ही न विचारता जुन्या फाइलीवर नवी फाइल टाकू शकतात. आरएमने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती जातेच. १९९८ साली पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायलींवर चुकून अशी आज्ञा चालली आणि तयार झालेला बराचसा चित्रपट डोळ्यांदेखत नाहीसा होत गेला. राखीव प्रतही नीट निघत नव्हती असं त्यानंतर कळलं. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून तो चित्रपट वाचला. एवढ्या जाणत्या माणसांच्या हातून हे झालं. म्हणून या पुस्तकात आरएमच्या आधी नेहमी एलएस येतं: जे पुसायचं त्याची आधी यादी काढून पाहायची, ती डोळ्यांनी वाचायची, आणि मगच तेच शब्द आरएमला द्यायचे.

माझं स्वतःचं नुकसान आरएमने केलेलं नाही. ते शाळेच्या गणितातल्या ‘पेक्षा मोठे’ या चिन्हाने केलं. कमांड लाइनवर हे चिन्ह लिहिलं की पडद्यावर येणारं उत्तर पुढे नाव दिलेल्या फाइलीत जातं. एका कोशाच्या कामात मी दोन महिने शब्दांची यादी जमवली होती. ती अकारविल्हे लावावी म्हणून मी सॉर्टला ती यादी दिली आणि उत्तर त्याच नावाच्या फाइलीत ठेवायला सांगितलं. एंटर मारला, नेहमीचं मौन, सगळं ठीक वाटलं. फाइल उघडली तर कोरी. झालं होतं असं: सॉर्ट कामाला लागण्याच्या आधीच शेल, म्हणजे आपली ओळ वाचणारा प्रोग्राम, उत्तराची फाइल रिकामी करून ठेवतो. सॉर्टच्या हाती वाचायला काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी जे रडले ते मला अजून आठवतं. यादी पुन्हा करायला सहा आठवडे लागले. आठव्या प्रकरणात हे चिन्ह येतं तिथे मी दोन पानं फक्त या एका गोष्टीला दिली आहेत. ती वरवर वाचू नका.

चुकीच्या संदेशांवर मी एक आख्खं प्रकरण लिहिलं आहे, आणि ते पुस्तकातलं सर्वांत उपयोगी प्रकरण आहे असं मला वाटतं. नवी माणसं हे संदेश वाचतच नाहीत. इंग्रजी ओळ दिसली की नजर घसरते. पण सुरुवातीच्या वर्षात जे संदेश भेटतात त्यांतले बहुतेक तीनपैकी एक असतात. ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणजे पहिला शब्दच यंत्राच्या ओळखीचा नाही, स्पेलिंग पाहा. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणजे आज्ञा कळली, पण तुम्ही सांगितलेली वस्तू इथे नाही. एकतर नाव चुकलं, नाहीतर तुम्ही भलत्याच फोल्डरमध्ये उभ्या आहात. ‘पर्मिशन डिनाइड’ म्हणजे वस्तू आहे, पण तुम्हाला तिला हात लावायची परवानगी नाही. संदेशाची रचनाही ठरलेली असते: आधी बोलणाऱ्याचं नाव, मग वस्तू, मग कारण, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. मी वर्गात तो शेवटाकडून वाचायला लावते. आधी कारण, मग कशाचं, मग कोण म्हणतंय. एक हिशेबनीस गृहस्थ दोन रविवार संदेशांचं मोठ्याने मराठी करत बसले: “तुम्ही म्हणता ती वही या कपाटात नाही.” तिसऱ्या रविवारी ते इतरांच्या चुका सोडवत फिरत होते.

यातल्या निम्म्या चुका स्पेसमुळे होतात. शेलच्या लेखी स्पेस म्हणजे शब्द संपला. ‘माझे लेख’ नावाच्या फोल्डरमध्ये जायला सांगितलं तर तो ‘माझे’ आणि ‘लेख’ अशी दोन वेगळी नावं समजतो. नाव अवतरणचिन्हांत ठेवलं की प्रश्न सुटतो. आणि टॅबची कळ दाबायची सवय लावली तर तो उद्भवतच नाही, कारण पहिली दोन-तीन अक्षरं दिली की उरलेलं नाव शेलच नीट भरून देतो. नाव देवनागरीत असलं तरी देतो.

आता मला ज्याविषयी सर्वांत जास्त बोलायचं आहे त्याकडे येते.

बेल लॅब्समधल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं की बागेत पाणी घालायच्या नळीचे तुकडे जोडतो तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यायला हवेत. नऊ वर्षांनी, १९७३ मध्ये, थॉम्पसन यांनी एका रात्रीत ती सोय युनिक्समध्ये घातली. तिचं चिन्ह एक उभी रेघ आहे, आपल्या ओवी-अभंगांच्या चरणाशेवटी येणाऱ्या दंडासारखी दिसणारी, पण तो दंड नव्हे. एका आज्ञेचं उत्तर त्या रेघेतून थेट पुढच्या आज्ञेच्या हाती जातं. याला पाइप म्हणतात.

या रेघेची ताकद दाखवणारी एक जाहीर घटना आहे. १९८६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकातल्या आपल्या सदरासाठी दुसरे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांना एक प्रोग्राम लिहायला सांगितला: मजकुरातले सर्वाधिक वेळा आलेले शब्द त्यांच्या संख्येसह काढा. कनुथ यांनी कित्येक पानांचा, साहित्यकृतीसारखा वाचता येणारा प्रोग्राम दिला. मॅकिलरॉय यांनी त्याचं परीक्षण केलं, मनापासून कौतुक केलं, आणि मग तेच काम सहा आज्ञा पाइपने जोडून करून दाखवलं. कनुथ यांची बाजू कमी ठरत नाही. त्यांनी जे लिहिलं ते वेगळ्या हेतूने लिहिलं. पण शब्द मोजायला बसलेल्या आपल्यासारख्या माणसाच्या हातात ती सहा आज्ञांची माळ येऊ शकते, हे फार मोठं दान आहे.

मी ती माळ मराठीसाठी थोडी बदलून बाराव्या प्रकरणात दिली आहे. बदलणं भाग होतं, कारण मूळ माळेची पहिलीच पायरी रोमन अक्षरं सोडून बाकी सगळं टाकून देते. मराठी लेख त्यातून घातला तर हाती शून्य येतं. आपण असं करायचं: प्रत्येक रिकामी जागा नव्या ओळीत बदलायची, म्हणजे दर ओळीला एक शब्द होतो. मग सॉर्ट, म्हणजे सारखे शब्द शेजारी येतात. मग युनिक, तो शेजारच्या सारख्या ओळी एक करतो आणि त्या किती होत्या ते सांगतो. मग संख्येच्या उतरत्या क्रमाने पुन्हा सॉर्ट, आणि शेवटी हेड, म्हणजे वरच्या दहा ओळी. माझ्या एका लेखावर हे केलं तेव्हा ‘आणि’, ‘आहे’ वर येणार हे ठाऊक होतं. त्यांच्या खालोखाल ‘मात्र’ आला. मी वीस वर्षं लिहिते आहे, आणि मला ‘मात्र’ची खोड आहे हे मला एका ओळीने सांगितलं.

देवनागरीचा आणि या खिडकीचा संबंध जुना नाही, सरळही नाही. १९९२च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत, ताटाखालच्या कागदावर, केन थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ची, म्हणजे सगळ्या लिप्यांची चिन्हं बाइटांत साठवायच्या पद्धतीची, आखणी केली. म्हणजे ज्या थॉम्पसन यांनी युनिक्स लिहिलं, पाइप घातले, ग्रेप दिलं, त्यांच्याच हातून जगातल्या सगळ्या लिप्यांना या साधनांमधून जायची वाटही मिळाली. आज आपण ग्रेपला मराठी शब्द देतो आणि तो निमूटपणे शोधून आणतो, ते या आखणीमुळे. पण त्याचे परिणाम समजून घ्यावे लागतात. ‘मराठी’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात. यंत्राला पाच चिन्हं दिसतात: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून साठवताना होतात पंधरा. डब्ल्यूसी या मोजणाऱ्या आज्ञेला तुम्ही काय विचारता त्यावर तिचं उत्तर ठरतं. तीन हे उत्तर मात्र ती देत नाही. अक्षर म्हणजे काय, हे तिला आपल्यासारखं माहीत नाही.

अशा आणखी दोन गोष्टी पुस्तकात सविस्तर आहेत, कारण इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शिकेत मला त्या सापडल्या नाहीत. एक म्हणजे अंक. ग्रेपला शून्य ते नऊ शोधायला सांगितलं तर तो इंग्रजी अंक शोधतो, ‘१९६०’ त्याच्या नजरेतून सुटतं. जुन्या मासिकांच्या सूचीवर काम करणाऱ्या एका मुलीने याच कारणाने अर्धी सूची रिकामी आहे असं मानलं होतं. दुसरी गोष्ट आपल्या ऱ्याची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे खोरी, हा भेद मराठीला हवाच. पण तो अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्त्याचा र आणि हलन्त घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. ग्रेपला ते दोन वेगळे शब्द आहेत. दहा जणांनी टंकलेल्या कोशात एकच शब्द शोधताना अर्ध्या नोंदी का सापडत नाहीत, हे मला कित्येक दिवस कळलं नव्हतं. पुस्तकातली ओळ दोन्ही रूपं एकदम शोधते. ती वहीत उतरवून घ्या, मराठी मजकुराचं काम करणाऱ्याला ती सतत लागेल.

एक उणीव आधीच सांगते. बऱ्याच टर्मिनलांमध्ये, म्हणजे या काळ्या खिडक्यांमध्ये, मराठी नीट दिसत नाही. हा पडदा चौकटी आखलेल्या वहीसारखा असतो, प्रत्येक चिन्हाला एक घर. आपली जोडाक्षरं, वेलांट्या, रफार त्या घरांत मावत नाहीत आणि मात्रा सुटून पडल्यासारख्या दिसतात. दिसायला मोडलेला मजकूर आत शाबूत असतो. तीच फाइल मजकूर-संपादक प्रोग्राममध्ये उघडा, नीट दिसेल.

साधनांचा खर्च काही नाही. लिनक्स असेल तर टर्मिनल आहेच, मॅकवरही आहे. विंडोजवर २०१६ पासून लिनक्सची खिडकी आत बसवायची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिली आहे, ती कशी बसवायची ते परिशिष्टात आहे. ज्यांच्याकडे फक्त अँड्रॉइड फोन आहे त्यांनी टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप घ्यावं. माझ्या वर्गातल्या दोन मुली फोनवरच सगळं शिकल्या. त्यांची बोटं दुखायची, पण त्या मागे राहिल्या नाहीत.

युनिक्सची पहिली हस्तपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ची आहे. थॉम्पसन आणि रिची यांनी लिहिलेल्या त्या पुस्तिकेत आज्ञांच्या माहितीखाली एक मथळा असे: त्रुटी. हे साधन काय करत नाही, कुठे चुकतं, ते करणाऱ्यांनीच तिथे लिहून ठेवलं. मला त्या मथळ्याविषयी फार आदर आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मीही तो ठेवला आहे आणि त्याखाली एक कोरी जागा सोडली आहे, ती तुमच्यासाठी. पुस्तकातली ओळ तुमच्या यंत्रावर वेगळी वागली तर तारीख घालून तिथे लिहा.

वाचताना एक अट पाळा. ओळी चिकटवू नका, टंका. चिकटवलेली ओळ डोळ्यांतून जाते, टंकलेली बोटांत राहते. पहिल्या दिवशी एवढंच करा: टर्मिनल उघडा, इको लिहा, स्पेस द्या, देवनागरीत फक्त आपलं पहिलं नाव लिहा आणि एंटर मारा. यंत्र ते नाव जसंच्या तसं परत लिहील. मग वरच्या बाणाची कळ दाबा, तीच ओळ परत येईल. तिच्या शेवटी ती उभी रेघ द्या आणि पुढे डब्ल्यूसी लिहा. तीन आकडे येतील: ओळी, शब्द, बाइट. तिसरा आकडा तुमच्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा असेल, आणि तीनने भागून पाहिलात तरी बाकी उरेल. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पहिलं प्रकरण त्या बाकीपासून सुरू होतं.